पळसाला पानं तीन, प्लगला पिना किती?

मी पुण्याहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक प्लग होता. परत आले तेव्हा पाच होते. लोक नागपूर-गोंदियाकडून संत्री आणतात, लुगडी आणतात. मी पितळेच्या पिना आणल्या. घरच्यांनी पोटभर हसून घेतलं. मला मात्र अजून त्या पिनांकडे पाहिलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती का जाते हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी सुईणींना शिकवणारी नर्स. बाळंतपण स्वच्छ कसं करावं, नाळ कशाने कापावी आणि कशाने मुळीच कापू नये, हे गावोगाव जाऊन सांगायचं, हे आमच्या संस्थेचं काम. त्यासाठी एका दानशूर गृहस्थांनी आम्हांला विजेवर चालणारा जादूचा कंदील दिला होता. त्यात काचेची पट्टी घातली की तिच्यावरचं चित्र भिंतीवर माणसाएवढं दिसतं. कंदील उत्तम, चित्रं त्याहून उत्तम. पण त्याच्या वायरच्या टोकाला जो प्लग आला होता तो आमच्या भिंतीतल्या भोकांत जाईना. वायरमन म्हणाला, प्लग बदला. चिटणीस म्हणाले, भोकं बदला. आणि कंदील कपाटात गेला तो तीन वर्षं बाहेर आला नाही! मी विचारायची आणि दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "पिना जुळत नाहीत हो बाई." मीही दर वेळी "बरं" म्हणून परत यायची.

मग त्या हिवाळ्यात, लढाई सुरू होण्याच्या आधीच्या, गोंदियाकडच्या एका खेड्यातून पत्र आलं. लिहिणारे सोमाजी पाटील. अक्षर कुणा मास्तरचं असावं, पण बोल त्यांचेच होते. "आमच्या घरात दोन लेकरं आठव्या दिवशी आकडी येऊन गेली. सून पुन्हा गरोदर आहे. बायका माझं ऐकत नाहीत. डोळ्यांनी पाहिल्याबिगर मानणार नाहीत. तुमच्याकडे चित्रं आहेत असं ऐकलं. घरी गिरणीची वीज आहे. यावं."

आठव्या दिवशी आकडी म्हणजे धनुर्वात. घाणेरड्या पात्याने नाळ कापली की होतो. पत्र वाचलं आणि मी भांडून कपाटाची किल्ली घेतली. बाजारात जाऊन दोन बारीक गोल पिनांचा नवा प्लग बसवून घेतला. संस्थेच्या भिंतीत लावला, कंदील झक्क पेटला. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

नागपूर

नागपुरात ओळखीच्या कुटुंबाकडे उतरले. शेजारच्या मुलींच्या शाळेने म्हटलं, जाताजाता आम्हांलाही चित्रं दाखवा. मी आनंदाने गेले. वर्गात भिंतीवर हात फिरवून पाहते तो भोकंच नाहीत! छतातून एक दिवा लोंबत होता, तेवढीच काय ती वीज.

"त्यात काय, दिवा काढा आणि तिथे कंदील जोडा," शाळेचे वायरमन म्हणाले. दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारी एक टोपी मिळते. तिला बाजूला दोन खुंट्या असतात, दाबून फिरवली की अडकते. मी ती विकत घेतली. हा प्लग नंबर दोन.

आता गंमत अशी की कंदील लावायचा तर दिवा काढायचा, आणि पडदे ओढलेल्या खोलीत दिवा काढला की टोपी कुठे खुपसायची ते दिसेना. वायरमन शिडीवर, मी खाली काडेपेटी धरून, आणि साठ मुली खिदळतायत. शेवटी लागला एकदाचा. चार चित्रं झाली नाहीत तोच वरून जळका वास आला, आणि हात लावून पाहिला तर दिव्याची ती बारीक दोरी तापली होती. कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला.

मी वायरमनना चांगलंच फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, दिव्याची तार दिव्यापुरती. तुमच्या कंदिलाला जास्त करंट लागतो. म्हणून तर भिंतीत निरनिराळी भोकं करतात. लहान भोकं पंख्याला, जाड भोकं इस्त्रीला न् शेगडीला. हलक्या तारेवर कुणी जड वस्तू लावू नये म्हणून पिनाच वेगळ्या. शिवाय दोन्हींचे दर वेगळे." ही गोष्ट मला पटली, हे कबूल केलं पाहिजे. पण मग सगळ्या गावांत लहान ती लहान आणि जाड ती जाड असावीत की नाही? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "ते तुम्ही विलायतेत विचारा."

गोंदिया

वाटेत तिरोड्यापासून दोन्हीकडे धानाची कापलेली शेतं आणि भाऱ्यांचे उभे पुंजणे दिसत होते. गोंदियाला गाडीतून उतरलं की आधी कोंड्याच्या धुराचा वास येतो. गावभर भाताच्या गिरण्या, आणि जिथे गिरणी नाही तिथे विडीचा कारखाना. मी मराठीत विचारावं आणि समोरच्याने हिंदीत उत्तर द्यावं, असं चाललं होतं. पण माणसं अघळपघळ. पुण्यात पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतात. इथे हातात पेला देऊन मग नाव विचारतात.

विड्या वळणाऱ्या बायकांसाठी दुपारी एका शाळेच्या दालनात चित्रं दाखवायची ठरली होती. भिंतीत प्लगसाठी छान काळं बूड बसवलेलं. भोकं तीन! माझ्या पिना दोन. समोरच्याच बाजारात विजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथे गेले. शेठजी गादीवर रेलून बसले होते.

"तीन पिनवाला? है ना बाईजी." त्यांनी एक काढून दिला. नेऊन लावला, तर तो भोकांत पोहायला लागला, इतका लहान. परत गेले. "अच्छा, वो बडा वाला होगा." मोठा घेतला. तो अर्धा आत गेला आणि अडला. पुन्हा गेले.

"वो दूसरी कंपनी का होगा," शेठजी म्हणाले. "हर कंपनी का अपना नाप होता है, बाईजी. हम क्या करें?"

"मग तुम्ही ही दोन मला कशाला विकलीत?"

"आपने माँगा, हमने दिया!"

माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. शेठजींनी मात्र न चिडता पान पुढे केलं आणि आपला मिस्त्री सोबत दिला. हा मिस्त्री म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने माझा प्लग कापूनच टाकला, उघड्या तारा दोन भोकांत घातल्या आणि त्या पडू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या.

"आणि हे तिसरं भोक?" मी विचारलं.

"उसका कोई काम नहीं. वो बस बैठा रहता है."

ते तिसरं भोक जमिनीचं असतं, हे मला आज माहीत आहे. यंत्राच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने मुकाट जमिनीत जावी, म्हणून ते असतं. आयुष्यात त्याला एखाद्याच दिवशी काम पडतं, आणि ते नसलं तर तो दिवस शेवटचा ठरू शकतो. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस बायका टोपल्या बाजूला ठेवून बसल्या होत्या. मी कंदिलाच्या पत्र्याला हात लावला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी शेजारच्या बाकावर जाऊन आदळले. मागोमाग फट् असा आवाज झाला आणि शाळेतली सगळी वीज गेली.

एका म्हाताऱ्या विडीवालीने मला पाणी दिलं, हात चोळून दिला. "तुमची मशीन बिमार हाय, बाई," ती म्हणाली. "तिले बरं करा. आमी उद्या येतो." पण उद्या मी तिथे नसणार होते. त्या चाळीस बायका एकही चित्र न पाहता गेल्या, आणि त्याची बोच मला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस राहिली.

पाचवा प्लग मी मागितलाच नव्हता. शेठजींना दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला असावा. मी निघायच्या आत ते स्वतः धर्मशाळेत आले आणि चपट्या पात्यांचा एक प्लग भेट म्हणून देऊन गेले. म्हणाले, एका गिरणीमालकाने अमेरिकेचं यंत्र आणलं आहे, त्याच्या बंगल्यात अशीच भोकं आहेत, "कहीं काम आ जाए". मिस्त्रीकडून त्यांनी माझा कापलेला दोन पिनांचा प्लगही परत जोडून आणला होता. मी पाचही प्लग रुमालात बांधले. एक ना धड भाराभर चिंध्या! कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. ज्याने ही म्हण केली त्याला माझ्याबरोबर हिंडवायला हवं होतं.

छोट्या लाईनने सौंदड, आणि पुढे

सौंदडला छोट्या लाईनच्या गाडीतून उतरले. तिथून सडक अर्जुनीच्या बाजूला बैलगाडीचा दीड तासाचा रस्ता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं ते त्या घरचं आहे. सोमाजी पाटील स्वतः गाडी घेऊन आले होते. सत्तरीचे, काटक, गुडघ्यात वाकलेले, आणि डोळे मात्र पोराचे.

हे लोक कोहळी. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेले. गावात शिरायच्या आधीच तो दिसतो. दोन टेकड्यांमध्ये घातलेली मातीची लांब पाळ, तिच्यावर जुनी झाडं, अलीकडे ऊस आणि पलीकडे नजर पोहोचेल तिथपर्यंत पाणी. पाण्यावर बदकं. पाटलांनी गाडी थांबवली आणि मला पाळीवर नेलं. पाहुण्याला घर दाखवायच्या आधी तलाव दाखवायचा, अशी तिथली रीत आहे.

पाळीच्या पोटातून शेतात पाणी सोडायची मोरी असते. तिला ते तुडूम म्हणतात. त्या मोरीच्या भोकात मोहाच्या लाकडाचा जाड दट्ट्या ठोकून बसवलेला असतो. पाळीवरच्या देवळीत मारुतीच्या पायाशी एक लोखंडी कडी टांगलेली होती, गंज चढलेली, हाताने झिजलेली.

"हे माप," पाटील म्हणाले. "माह्या आज्याच्या आज्यानं ठरवलं. आमच्या बाजूच्या सात गावच्या तुडुमाचं भोक एकच. सुताराचा दट्ट्या या कडीतून गेला, तरच तो दट्ट्या."

"सात गावांचं एकच माप कशाला?"

"रातच्याले पुरात दट्ट्या वाहून गेला, तर कराचं काय? सुतार उठवाचा, लाकूड पाहाचं? तोवर तलाव खाली. बाजूच्या गावचा घेऊन येतो न् ठोकतो. त्याचा गेला तर माहा नेते." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं असंच असन ना?"

माझ्या हातात ती रुमालाची गाठोडी होती. मी ती पदराखाली सरकवली.

जेवायला तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ आणि घाण्यावरचा ताजा गूळ. वाढत होती ती सून, यमुना. विशीची असेल. सातवा महिना. तिने माझ्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही, पण माझ्या पानातला गूळ संपायच्या आत पुन्हा यायचा. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी गेलं, दुसरं मागच्या शिमग्यात. दोन्ही वेळा आठव्या दिवशी.

सासू, म्हणजे पाटलीणबाई, चुलीपाशी बसून माझ्याशी बोलल्या. त्यांना मी आलेलं आवडलेलं नव्हतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "आमच्या घरची नाळ धान कापाच्या इळ्यानं कापते. इळा म्हंजे लक्ष्मी. लक्ष्मीनं कापलं ते वाईट कसं होईन? लेकरं सटवीनं नेले."

मी समजावलं. जंतू म्हणाले, माती म्हणाले, उकळतं पाणी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "दाखवा मंग. दिसन तर मानीन."

तिथली भिंत

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी मला घरातली वीज दाखवली. गिरणी घराला लागूनच. धानाच्या कोंड्यावर इंजिन चालायचं, आणि त्याला जोडलेल्या डायनामोवरून घरात चार दिवे न् भिंतीत चार ठिकाणी प्लगची सोय. ती मुंबईच्या माणसांनी बसवून दिली होती, साहेब आला तर पंखा लावायला म्हणून. साहेब कधी आला नाही आणि पंखाही कधी आला नाही.

मी धान्याच्या कोठीतली भिंत पाहिली आणि आनंदाने ओरडलेच. पितळेची गोल चकती, दोन भोकं, बारीक, गोल, हुबेहूब माझ्या पहिल्या प्लगची! शेकडो मैलांच्या घोळात वाटेत कुठेही न बसलेला माझा प्लग इथे, या धानाच्या पोत्यांमध्ये बसणार होता. मी तो पुढे केला. तो आत गेला नाही. वाकून पाहिलं तर दोन्ही भोकं लालसर काहीतरी घालून काठोकाठ बुजवलेली होती. चारही ठिकाणची.

"हे काय?"

"लाख," पाटील समाधानाने म्हणाले. "आमच्याच पळसाची. बुढीनं वितळवून भरली."

"पण कायले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, इतकी भांबावले होते.

"पहिल्या दिवशी दिवे लागले ना, तर मंद. म्या म्हणलं, मंद काऊन? पाहातो तर आठ भोकं उघडी. गळूनच राहिलं असन सारं! तुडूम उघडं ठेवलं तर तलाव राह्यते का? लाखेनं बंद केलं आन् दुसऱ्या दिवशी दिवे फाकफाक."

दाराशी गिरणीचा मिस्त्री उभा होता. तो खाली बघून पुटपुटला, "पट्टा ढीला था, बाई. दूसरे दिन मैंने कस दिया." पण हे त्याने तेव्हा पाटलांना सांगितलं नव्हतं, आणि आताही त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं नाही.

माझा संयम संपला. नागपूर, गोंदिया, शेठजी, काड्या, झटका, सगळं त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर निघालं. "पाटील, वीज म्हणजे पाणी नव्हे! भोकातून गळायला ती काय तलावात साठवलीय? दोन्ही भोकं जोडल्याशिवाय ती वाहतच नाही. कुणाला न विचारता असले उद्योग करता, आणि मग पत्रं पाठवता!"

ते रागावले नाहीत. माझ्या हातातल्या उघड्या रुमालाकडे पाहून म्हणाले, "आमाले वीज कळत नाई, बाई. पन तुमाले कळते ना? मंग तुमी हे पाच-पाच दट्टे घेऊन काऊन फिरून राहिल्या? एवढ्या शिकलेल्या लोकाईले एक कडी टांगता येत नाई का?"

या माणसाने विजेबद्दल चूक केली होती, आणि तरी त्या खोलीत त्या क्षणी शहाणा तोच होता. मला राग आला, पण आता कुणाचा येत होता ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

आणि तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. यमुना गुडघ्यांवर बसली होती. हातात पोती शिवायचा लोखंडी दाभण. तिने तो एका भोकातल्या लाखेत खुपसला होता आणि ती जीव खाऊन टोकरत होती. पलीकडे इंजिन धडधडत होतं, डायनामो चालू होता.

मी किंचाळले. तिचा हात झिडकारून दाभण दूर फेकला. मिस्त्री पळत गेला आणि त्याने इंजिन बंद केल्यावर सगळीकडे एकदम शांत झालं. लाखेतून वीज जात नाही म्हणून ती वाचली होती. अजून पाव बोट खोल गेली असती, तर मी या घरातून कशी परत आले असते, मला माहीत नाही. यमुना रडत नव्हती. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "मले पाहाचं हाय."

पाटलीणबाई दारातून हे बघत होत्या. चुलीपाशी गेल्या, दाभण निखाऱ्यात तापवला आणि भिंतीपाशी मांडी घालून बसल्या. मिस्त्रीला दोनदा विचारलं, "बंद हाय ना?" आणि मग आपण भरलेली लाख आपल्याच हाताने, थेंबथेंब, बाहेर काढायला लागल्या. पाऊण तास लागला. दोन भोकं स्वच्छ झाली.

दुपारी कोठीचं दार आणि झरोका गोणपाटाने झाकले. पंचवीसेक बायका पोत्यांवर बसल्या. गावची सुईण भुरीबाई सर्वांत पुढे होती. इंजिन सुरू झालं. मी देवाचं नाव घेऊन प्लग लावला आणि चुना लावलेल्या भिंतीवर कंदिलाचा पांढराशुभ्र गोल उमटला.

विळ्याचं पातं, आणि मोठं करून दाखवलेली त्याच्यावरची घाण. उकळत्या पाण्यात टाकलेली कात्री. स्वच्छ दोरा. साबणाने धुतलेले हात. बायका कुजबुजत होत्या, मधून हसतही होत्या. मग मी सगळ्यांत अवघड चित्र लावलं. धनुर्वात झालेलं बाळ. कमानीसारखं वाकलेलं, मुठी आवळलेल्या, तोंड मिटलेलं.

भुरीबाईने दोन्ही हात आपल्यासमोर धरले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. पाटलीणबाई म्हणाल्या, "असाच. असाच झाला होता. दोघंबी." मग पदर तोंडात धरून त्या रडल्या. सटवीचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

शेवटचं चित्र झालं. गोणपाट काढले. बायका उठायला लागल्या. यमुना जागची हलली नव्हती. तिने मला विचारलं, "बाई, हे इळ्याचं तुमाले कधीपासून मालूम हाय?"

"पुष्कळ वर्षांपासून," मी म्हणाले.

"आन् हे चित्रं?"

"तीन वर्षं झाली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मंग आत्ता काऊन आल्या?"

मी प्लग भिंतीतून काढायला वळले. काहीतरी पुटपुटले, प्रवास लांबचा, कामं फार. तिने मान हलवली आणि पेले उचलायला गेली. मोठ्या माणसांचं उत्तर मिळालं की पुन्हा विचारायचं नसतं, असं तिला शिकवलेलं असणार.

पुणे

चैत्रात पाटलांचं पाकीट आलं. तोंड लाखेने बंद केलेलं. आत चार ओळी होत्या. "मुलगी झाली. भुरीबाईनं कात्री बुढीसमोर तीनदा उकळली. आठवा दिवस गेला. नववा गेला. आज बारसं. भिंतीतल्या भोकांसाठी सुताराकडून लाकडाचे दट्टे करून घेतले आहेत, म्हणजे पुढल्या वेळी लाख काढावी लागणार नाही. तुमच्या प्लगचं माप पाठवा, इथल्या कडीजवळ टांगून ठेवतो."

मी पत्र चिटणीसांना वाचून दाखवलं. ते खूष झाले, अहवालात घालू म्हणाले. मी त्यांना तीन वर्षांची आठवण दिली. ते म्हणाले, "अहो, पण पिना जुळत नव्हत्या ना!" अगदी पूर्वीसारखंच म्हणाले. मी मात्र या वेळी "बरं" म्हणाले नाही. काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही.

पण चिटणीसांवर ओरडून माझी सुटका होत नाही. कंपन्यांनी आपापली भोकं वेगळी ठेवली, शेठजींनी मागितलं ते विकलं, मिस्त्रीने काड्या ठोकल्या, पाटलांनी लाख भरली. आणि मी? बाजार संस्थेपासून हाकेच्या अंतरावर होता. नवा प्लग बसवायला दुकानदाराला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. एवढ्या कामासाठी मी तीन वर्षं दर महिन्याला विचारून परत येत होते, आणि त्या तीन वर्षांत त्या घरात दोन पाळणे बांधले गेले आणि सोडले गेले.

यमुना, तुला लिहायला-वाचायला येत नाही, म्हणून कुणीतरी तुला हे वाचून दाखवावं. तू विचारलंस त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही. मला ते माहीत होतं. भोकं जुळत नव्हती, म्हणून आम्ही आलो नाही.

दुसरं कारण नव्हतं.